सैल पट्टा

४ मार्च

जॅक आला. धाकट्याने मागवला, मला न विचारता. खोकं फोडलं तर आत लाल रंगाचं बसकं धूड. चार चाकं, दोन लांब हात, हातांवर रबराच्या गाद्या आणि दाबायला पायटा. मी म्हटलं, "हे काय, पाळणा आणलास की काय?"

"फ्रेमचा जॅक आहे, दादा. खालून फ्रेमला धरतो आणि अख्खी गाडी उचलतो. आता लांबच्या प्रवासाच्या त्या मोठ्या गाड्या आपल्याकडे येणार. साडेतीनशे किलोचं वजन तू आणि मी किती दिवस खांद्यावर घेणार?"

चोवीस वर्षं घेतलं की. आढ्याच्या हुकाला दोर, खाली लाकडाचे ठोकळे आणि दोघं भाऊ. एक गाडी पडली नाही. मी ते त्याला ऐकवलं. तो हसला आणि जॅकच्या चाकांना तेल घालत बसला.

आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षापासून खाली वाकलो की उठताना मला बाक धरावा लागतो. त्याला दिसलं असेल का? बोलला तर नाही कधी. नव्या वस्तूंचा नादच आहे त्याला, दुसरं काय.

७ मार्च

जॅक वापरून बघितला. नाक मुरडत गेलो होतो, पण काम चोख करतो. गाडी सपाट फरशीवर घ्यायची. पुढच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे. पुढचा ब्रेक दाबून मुठीला दोरीने बांधून टाकायचा. दोन्ही बाजूंच्या पेट्या उतरवायच्या. मग वाकून बघायचं, की जॅकचे हात फ्रेमच्या नळ्यांनाच टेकतायत ना, तेलाच्या चेंबरला किंवा सायलेन्सरला नाही ना. गाद्या नुसत्या टेकल्या की थांबायचं. उजवीकडून एक पट्टा, डावीकडून एक, दोन्ही ताणून बांधायचे. गाडी बोटभर उचलायची, हलवून बघायची, मग वर. वर गेली की खटका लावायचा. खटक्याशिवाय हात खाली घालायचा नाही.

मी डावीकडे पायट्यावर, धाकटा उजवीकडे. वडिलांच्या वेळचे तीन प्रश्न आम्ही इथेही चालू ठेवले. उचलणारा विचारतो, समोरचा उत्तर देतो.

"चाक?"

"अडकवलं."

"पट्टा?"

"बांधला."

"हात?"

"बाहेर."

तिन्ही उत्तरं आल्याशिवाय वडील दोराला हात लावायचे नाहीत. एकदा धाकट्याने नुसती मान डोलावली, तर त्याला दिवसभर अंगणात उभं केलं होतं. जेवायला का येत नाही म्हणून आई विचारायला आली, तर म्हणाले, "मान डोलावणारा माणूस मला कामावर नको."

  

११ मार्च

आज भूगोलाच्या बाई आल्या. शाळेत शिकवतात आणि सुट्टी लागली की मोटरसायकल काढून हजार हजार किलोमीटर भटकतात. साठीला आलेल्या. गाडी बघून मीच दबकलो. पुढे काच, दोन्हीकडे टणक पेट्या, मागे तिसरी. मागच्या चाकातून घरघर येते म्हणाल्या.

धाकट्याने चाक हाताने फिरवलं, कान लावला आणि माझ्याआधीच म्हणाला, "बेअरिंग गेलंय. मी मागवून घेतो, महिनाअखेर करून देतो."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, ते मला विचारा. हा माझ्या हाताखालचा आहे."

बाई कसनुसं हसल्या आणि गेल्या. धाकटा फडक्याने हात पुसत उभा होता.

"हाताखालचा?"

"मग खोटं बोललो का? पाना धरायला कोणी शिकवलं तुला?"

"चोवीस वर्षं झाली, दादा. बाईंसमोर बोललास ना, आता बाईंसमोरच परत घे."

"माझ्या गॅरेजमध्ये मी काय बोलायचं ते तू सांगणार?"

माझ्या, असं म्हणालो. आपल्या म्हणायला हवं होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्याने हात धुतले आणि वर घरी निघून गेला. आम्ही खाली राहतो, तो वरच्या मजल्यावर. संध्याकाळभर त्याची पावलं ऐकू येत होती. बघू किती दिवस टिकतो.

१४ मार्च

अबोला. तोंडाला कुलूप लावलंय स्वारीने. मीही लावलंय.

चहाचे दोन ग्लास आणतो, माझा बाकावर ठेवतो आणि तिथेच खांबासारखा उभा राहतो. जात का नाही? मी पाठ करून काम करतो. तो गेला की पितो. तोवर गार झालेला असतो.

ही म्हणाली, "अहो, मोठे तुम्ही ना? मग आधी बोला."

"मोठा आहे म्हणूनच नाही बोलणार."

"दोघांची वयं मिळून शंभर झाली," म्हणाली, आणि कपाळाला हात लावून आत गेली.

१८ मार्च

याच्या खोड्या सुरू झाल्यात. रेडिओवर नुसतं खर्रखर्र करणारं स्टेशन लावून ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसला. तासभर. मी शिवी गिळली. एरवी असतं तर रेडिओ त्याच्या डोक्यात घातला असता. मुद्दाम मला डिवचतो.

जॅकवर आता प्रश्नोत्तरं नाहीत. मी पान्याने जॅकवर एक ठोका देतो, पलीकडून तो एक ठोका देतो, की उचलायची. कामं अडत नाहीत. उलट बडबड नसल्याने लवकर होतात.

२१ मार्च

आज शर्ट उलटा घालून आला. शिवणी बाहेर, खिसा आत. दोन गिऱ्हाइकं हसली. तो माझ्याच आजूबाजूला घुटमळत होता, पाने मागे-पुढे करत. मी काही बोललो नाही. स्वतःचं हसं करून घ्यायचं असेल तर मी कोण अडवणार?

वरून संध्याकाळी धाकटीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज आला. "आजही नाही बोलले?" एवढंच कळलं.

२५ मार्च

कामात लक्ष नाही त्याचं. एका स्कूटरच्या चाकाचा नट बाकावर तसाच. माझ्या डोळ्यांसमोर, अगदी मधोमध, कोणी मांडून ठेवावा तसा. त्याच्यासारख्या हुशार माणसाने नट विसरावा? पूर्वी असतं तर गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. मी गुपचूप उचलला आणि लावून टाकला. तो दाराशी उभा राहून बघत होता. मग खांदे पाडून बाहेर गेला.

शरमला असेल. शरमायलाच हवं.

३० मार्च

बाईंची गाडी जॅकवरून पडली. धाकट्याच्या पायावर. पट्टा सुटला.

मी एकट्याने उचलली ती गाडी. कशी, माहीत नाही. मी "अरे! अरे बाळा!" असं ओरडत होतो. लहानपणी म्हणायचो तसं. तो खालून पांढराफटक चेहरा करून माझ्याकडे बघत म्हणाला, "बोललास एकदाचा." वेदनेने भ्रम झाला असणार.

दवाखान्यात आणलं, हाडांचे डॉक्टर त्याला आत घेऊन गेलेत. धाकटी बाकावर बसलीय. हिने तिचा हात धरलाय. मला कोणीतरी पाणी दिलं. सगळे म्हणतायत, दादा होते म्हणून वाचला.

१ एप्रिल

परवाच्या पानावर मी लिहिलंय, पट्टा सुटला. ते खोटं आहे. ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तरी मी खोटं लिहिलं. आता खरं लिहितो.

गाडी सरळ उभी होती. ठोकळे लावलेले, ब्रेक बांधलेला, पेट्या उतरवलेल्या. मी वाकून खाली बघितलं, गाद्या फ्रेमला बरोबर टेकल्या होत्या. माझा डावा पट्टा मी ताणला. मग उठता उठता पलीकडे नजर गेली. उजव्या पट्ट्याचा हुक कडीत होता, पण पट्टा ओढलेला नव्हता. शेपूट खाली लोंबत होतं. चार बोटं आरपार जातील एवढा सैल.

मी बघितलं. आणि धाकटा माझ्याकडे बघत होता.

उजवा पट्टा सैल असेल तर गाडी डावीकडे पडते, हे सांगायला शाळेत जावं लागत नाही. एक शब्द पुरला असता. "पट्टा?" एवढाच. माझ्या जिभेवर आलाही होता. पण मनात म्हटलं, मी का आधी बोलू? त्याला दिसतंय की. ओढेल तोच. एकोणीस दिवस गप्प राहिलो ते काय आज हरायला?

मी ठोका दिला. तो बराच वेळ काही करेना. मग त्याने ठोका दिला. मी पायटा दाबत गेलो. गाडी गुडघ्याएवढी वर गेली, मी खटका लावला. तेवढ्यात तो वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि मला कोपराने बाजूला सारलं. चांगलंच ढकललं. मला वाटलं, काय हा उद्धटपणा. मी तोंड फिरवून बाकाकडे गेलो. चाकाचा नट डावीकडे असतो. त्याने लांब पाना लावला आणि अंगाचा भार टाकून ओढला. नट गंजलेला. गाडी हलली, आणि मग ती आलीच.

लिहिल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलट आता हे कागदावर आहे.

४ एप्रिल

पायात सळ्या घातल्या. शुद्धीवर आलाय. खोली भरली होती, मी, ही, धाकटी आणि शेजारचा वेल्डर. वेल्डरने विचारलं, "झालं तरी कसं?"

धाकटा म्हणाला, "माझीच चूक. पट्टा ओढायचा राहिला." आणि माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीबाहेर बघितलं.

सुटलो, असं वाटलं मला. हे लिहायलाही लाज वाटते. त्याला आठवत नाहीय, की मी बघितलं होतं. ठोक्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं असेल. डॉक्टर म्हणतात, असं होतं.

९ एप्रिल

भूगोलाच्या बाई भेटायला आल्या. रडल्या. "मीच सुट्टीच्या आत द्या म्हणून मागे लागले. घाईत झालं ना?" मी म्हटलं, "छे हो, तसं काही नाही." मग काय आहे, ते सांगितलं नाही.

धाकटा म्हणाला, "बाई, तुमचा काही दोष नाही. पट्टा ओढायचा राहिला माझ्याकडून." पुन्हा माझ्याकडे बघितलं. ही सवयच लागलीय त्याला, प्रत्येकाला सांगतो आणि माझ्याकडे बघतो. मी आधार द्यावा असं वाटत असेल. मी त्याची चादर नीट केली.

जाताना बाई म्हणाल्या, "एकट्याने उचललीत म्हणे तुम्ही ती गाडी! भाऊ असावा तर असा." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

२२ एप्रिल

घरी आणलं. जिना चढता येत नाही, म्हणून आम्ही वर गेलो आणि त्यांना खालच्या खोल्या दिल्या. वरून आता मला त्याच्या कुबड्यांचा आवाज ऐकू येतो. तीन टक्टक, मग शांत, पुन्हा तीन टक्टक.

धाकटी त्याला सारखी बोलते. बिचारी दमलीय. "चोवीस वर्षं एकच काम करतोस, आणि एक पट्टा ओढता येत नाही तुला? लहान मुलाला कळतं ते!" मी दारातच होतो. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं फक्त. मग धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो!"

मी वर येऊन बसलो. जेवलो नाही. हिला म्हटलं, पित्त झालंय.

१२ मे

डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. हाड जुळेल, चालेल. पण गुडघ्याखाली नस गेलीय, पाऊल वर उचलणार नाही. गिअर टाकता येणार नाही. गाडी चालवणं बंद.

गॅरेजमधली प्रत्येक गाडी दुरुस्त झाली की फिरवून आणायचा तो. ते काम मी कधी केलं नाही, मला त्यात रस नाही. तो चौकापर्यंत जाऊन यायचा आणि उतरायच्या आधीच सांगायचा, चेन सैल आहे, किंवा पुढचं चाक ओढतंय. मोठी गाडी असली की चौक त्याला पुरायचा नाही. अर्ध्या तासाने यायचा, केस उभे, डोळ्यांतून पाणी, आणि मी ओरडायचो, "गेला होतास कुठे, लग्नाला?"

डॉक्टर बोलत होते तेव्हा तो खाली स्वतःच्या पावलाकडे बघत होता. दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं.

परत येताना म्हणाला, "दादा, पाय नसला तरी हात आहेत. बसून इंजिनं खोलीन मी. येईन गॅरेजला. फक्त..."

"फक्त काय?"

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काही नाही. सावकाश चल."

२५ मे

आज सांगायचं ठरवून खाली गेलो. वाक्य पाठ केलं होतं. दोघंच होतो. त्याने पुस्तक मिटलं, रेडिओ बंद केला. "बस ना, दादा. काही बोलायचंय का?"

"पंख्याला तेल घालायला हवं," मी म्हटलं. "किती आवाज करतो."

"हो," तो म्हणाला. "आवाज करतो खरा."

मी स्टूल आणलं आणि पंख्याला तेल घातलं.

आता सांगून काय मिळणार आहे? पाय तर येणार नाही. त्याला उगीच त्रास. तो बरा झाला, हिंडायला लागला, गॅरेजला यायला लागला की सांगेन. तेव्हा सोपं जाईल दोघांनाही.

३ जून

गॅरेज एकट्याने चालवतो. मोठ्या गाड्या घेत नाही. जॅक कोपऱ्यात झाकून ठेवलाय. बाईंची गाडी दुसऱ्याकडे पाठवून दिली. बाई ती विकणार म्हणे. "मी तिच्यावर बसले की मला तुमच्या भावाचा पाय दिसतो," म्हणाल्या. त्यांनाही मी काही सांगितलं नाही. किती जणांच्या मानेवर बसवून ठेवलंय मी हे.

धाकट्यासाठी बाक कापून खाली केला. बसून हात पुरेल एवढा. इंजिन ठेवायला फिरता स्टँड बनवला. त्याला दाखवायला घेऊन येणार आहे.

९ जून

सकाळी धाकटी वर आली. म्हणाली, "दादा, यांनी सुट्या भागांच्या दुकानात काम धरलंय. बाजारातल्या. काउंटरवर बसायचं. मी म्हटलं, दादांनी बाक करून ठेवलाय, तर म्हणाले, गॅरेजला नाही जाणार."

 चप्पल न घालता खाली उतरलो. तो खुर्चीत बसून पायाला पट्ट्या गुंडाळत होता. यावेळी वाक्य बिक्य काही आठवलं नाही.

"मी बघितलं होतं," मी म्हटलं. "पट्टा सैल होता ते मी बघितलं होतं. उचलायच्या आधी. आणि बोललो नाही."

त्याने पट्टी गुंडाळून पुरी केली. पिन लावली.

"माहीत आहे," म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

"म्हणजे तुला आठवतं?"

"सगळं. दादा, मी विसरलो नव्हतो रे. मी तो ओढलाच नव्हता. मुद्दाम. चहा घेऊन उभा राहिलो, रेडिओ लावला, उलटा शर्ट घालून दिवसभर नाचलो तुझ्यासमोर, नट काढून ठेवला तुझ्या नाकासमोर. कशाने म्हणून तोंड उघडेना तुझं. म्हटलं, पट्टा सैल दिसला तर ओरडेल. वडिलांचा नियम हा मोडणार नाही. निदान शिवी तरी देईल. आणि तू ठोका दिलास."

 मी पलंगाच्या कडेवर बसलो.

"मग तू का दिलास ठोका?"

"तुझाच भाऊ ना. मलाही जिद्द चढली. म्हटलं, नट सैल करू, मग ओढू, तोवर बोलेल. पण तू डावीकडे उभा होतास. पडली असती तर तुझ्या अंगावर. म्हणून तुला ढकललं तिथून."

मी रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, हमसून हमसून रडलो. "माझ्यामुळे झालं रे सगळं," म्हटलं.

"नाही. तो पट्टा आपल्या दोघांचा. मी सैल ठेवला, तू बघितलास. त्याबद्दल मी तुला कधीच काही म्हणणार नाही, आईशपथ."

मग जीवात जीव आला. मी म्हटलं, "तर मग चल ना. बाक केलाय तुझ्यासाठी. काउंटरवर बसून काय नटबोल्ट विकणार?"

तो पिनेशी खेळत राहिला. म्हणाला, "मी सगळ्यांसमोर म्हणत होतो, माझी चूक, माझी चूक. वेल्डरसमोर, बाईंसमोर. आमची ही मला रोज फाडून खायची, तेव्हा तू दारात उभा असायचास. दर वेळी तुझ्याकडे बघायचो. म्हटलं, आता म्हणेल, नाही रे, मीही बघितलं होतं. अर्धी माझी. एवढंच पाहिजे होतं मला. एकाहत्तर दिवस, दादा. तू चादर नीट केलीस. पंख्याला तेल घातलंस."

"आज सांगितलं ना?"

"मी काम धरल्यावर सांगितलंस."

 तेही खरंच होतं.

"पट्टा दोघांचा," तो म्हणाला. "नंतरचं गप्प बसणं तुझं एकट्याचं. जॅकच्या पलीकडे आता मला तुझ्यावर विसंबून हात घालवणार नाही. राग नाही, खरंच नाही. फक्त होणार नाही माझ्याच्याने."

१० जून

सगळ्यांना सांगितलं. आधी धाकटीला. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "एवढे दिवस मी यांना बोलत होते, आणि तुम्ही ऐकत होता?" आणि तोंडावर पदर घेऊन आत गेली. नवऱ्याची माफी मागायला गेली असेल. 

बाईंना शाळेत जाऊन सांगितलं, नकाशांच्या खोलीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," म्हणाल्या. त्यांची गाडी कालच विकली गेली होती.

हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "तरीच." आणि बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्यानेच जास्त त्रास झाला.

४ जुलै

आज बेअरिंग आणायला बाजारात गेलो. दुसऱ्या दुकानात मिळालं असतं, पण मुद्दाम त्याच्याकडे गेलो. काउंटरमागे उंच स्टुलावर बसला होता, स्वच्छ शर्ट, नखांत काळं नाही. मला बघून हसला.

"ये, दादा. काय हवंय? कंबर कशी आहे?"

मी नंबर सांगितला. त्याने डबा न शोधता हात घातला आणि बरोबर तेच काढलं. डबी उघडून बेअरिंग बोटावर फिरवून दाखवलं, कागदात गुंडाळून दिलं. "जपून जा, जड उचलू नकोस," म्हणाला. माझ्यामागे एक गिऱ्हाईक उभं होतं. त्यालाही तो तसाच हसला, तितक्याच आपुलकीने, आणि विचारलं, "बोला, काय हवंय?"

मी रस्त्यावर येऊन बराच वेळ उभा राहिलो. भांडण असतं तर आत जाऊन आधी बोललो असतो. आता बोललो असतो मी. पण आमचं भांडणच नाही.